टॅक्स रुलिंग कसे वाचावे: बहुराष्ट्रीय समूहातील नफ्याचा माग काढणाऱ्या नवख्यांसाठी

एखाद्या समूहाच्या करविभागात नव्याने रुजू झालेल्या, सल्लागार संस्थेत उमेदवारी करणाऱ्या किंवा या विषयावर लिहू पाहणाऱ्या माणसाच्या हाती पहिल्यांदा टॅक्स रुलिंग पडते, तेव्हा तो बहुधा गोंधळून जातो. पानेच्या पाने कंपन्यांची नावे, टक्केवारी आणि करारांचे संदर्भ येतात आणि शेवटी करखात्याचे दोन ओळींचे उत्तर असते की, आपले म्हणणे मान्य आहे. नेमके काय मान्य झाले आणि त्यामुळे कोणत्या देशाच्या तिजोरीत किती कर जाणार, हे त्यातून चटकन कळत नाही. अशी कागदपत्रे वाचण्याचे काम मी बरीच वर्षे केले असून, कोणत्या क्रमाने वाचले तर वेळ वाचतो ते येथे मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः युरोपातील आहेत, कारण काही देशांनी रुलिंगांतून निवडक कंपन्यांना बेकायदेशीर सरकारी मदत दिली, असे युरोपीय आयोगाने (युरोपीय संघाच्या कार्यकारी संस्थेने) म्हटल्यावर तेथे जे वाद झाले, त्यांमुळे एरवी गोपनीय राहणारी रुलिंगे निर्णयपत्रांच्या रूपाने सर्वांना वाचायला मिळाली.

रुलिंग म्हणजे करखात्याने आगाऊ दिलेले लेखी उत्तर. व्यवहार अमुक प्रकारे रचला, तर त्याला कायदा कसा लागू होईल, एवढे ते सांगते. ते घेण्यात बेकायदेशीर काहीच नाही; अनेक देशांत तो रोजचा व्यवहार आहे. समूहातील कंपन्यांनी एकमेकींना लावलेले भाव स्वतंत्र कंपन्यांमध्ये ठरले असते तसेच असावेत, हे 'आर्म्स लेंग्थ' तत्त्व ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आदर्श करारातील कलम ९ मध्ये आहे आणि बहुतेक रुलिंगांचा पाया तेच असते. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. रुलिंगमध्ये ज्या नफ्यावर सर्वाधिक मजकूर खर्ची पडलेला असतो, तो सहसा समूहाचा लहान नफा असतो. मोठा नफा कुठे गेला, हे एखाद्या अर्ध्या वाक्यात उरकलेले असते आणि तुम्हाला शोधायचे असते ते हेच अर्धे वाक्य.

लागणारी कागदपत्रे

वाचायला बसण्यापूर्वी पुढील कागद गोळा करा. सगळे मिळतीलच असे नाही, पण काय मिळाले नाही याची नोंदही पुढे उपयोगी पडते.

- करखात्याचे उत्तर आणि ज्या अर्जाला ते उत्तर आहे तो मूळ अर्ज, सर्व जोडपत्रांसह
- रुलिंगच्या काळातील समूहाची मालकी दाखवणारी आकृती
- समूहांतर्गत करार: रॉयल्टी, सेवा, कर्ज, वितरण आणि कंत्राटी उत्पादन
- संबंधित कंपन्यांची किमान तीन वर्षांची नफा-तोटा पत्रके आणि ताळेबंद
- ट्रान्सफर प्रायसिंगची, म्हणजे समूहांतर्गत भावनिश्चितीची, मास्टर फाइल (संपूर्ण समूहाची) आणि लोकल फाइल (त्या देशातील कंपनीची)
- समूहाची एकत्रित उलाढाल ७५० दशलक्ष युरो किंवा त्याहून अधिक असल्यास देशनिहाय अहवाल

बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना मूळ अर्ज मिळणार नाही. त्यांनी युरोपीय आयोगाच्या सरकारी मदतीसंबंधीच्या निर्णयांच्या जाहीर प्रती वाचाव्यात. त्यांत काही आकडे झाकलेले असतात, पण युक्तिवाद पूर्ण असतो. नेदरलँड्स जुलै २०१९ पासून आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या रुलिंगांचे निनावी सारांश प्रसिद्ध करते. हात बसवण्यासाठी ते उत्तम आहेत.

१. दोन आकृत्या काढा

पहिली आकृती मालकीची: कोणती कंपनी कोणाची उपकंपनी, ती कोणत्या देशात नोंदलेली आणि कोणत्या देशात करनिवासी. नोंदणी आणि करनिवास या दोन रकान्यांत फरक दिसला, तर तेथे लाल खूण करा. ॲपल सेल्स इंटरनॅशनल ही कंपनी आयर्लंडमध्ये नोंदलेली होती, पण त्या वेळच्या नियमांनुसार ती आयर्लंडची करनिवासी नव्हती आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचीही नव्हती. आयर्लंडने ॲपलला दिलेल्या रुलिंगांच्या प्रकरणाचे मूळ या एका फरकात होते.

दुसरी आकृती पैशांची. ग्राहकाने दिलेला पैसा कोणत्या कंपनीच्या खात्यात पडतो आणि तेथून किंमत, रॉयल्टी, व्याज किंवा सेवाशुल्क म्हणून पुढे कुठे सरकतो, ते बाणांनी दाखवा आणि प्रत्येक बाणावर रक्कम लिहा. समूहाने दिलेली तयार आकृती वापरण्याचा मोह होईल. ती फक्त ताळा करण्यासाठी वापरा. तयार आकृतीत बाण असतात, पण त्यांवर रकमा क्वचितच असतात.

२. प्रश्न काय विचारला होता ते शोधा

करखाते फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि प्रश्न कंपनीचा सल्लागार लिहितो. म्हणून आधी अर्ज वाचा, उत्तर नंतर. लक्झेंबर्गने ॲमेझॉनला ६ नोव्हेंबर २००३ रोजी दिलेले उत्तर कंपनीच्या २३ आणि ३१ ऑक्टोबरच्या पत्रांना होते. म्हणजे पहिल्या पत्रापासून उत्तरापर्यंत दोन आठवडे गेले. एवढ्या अवधीत किती छाननी झाली असेल, हा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे, पण घाईने दिलेले उत्तर चुकीचेच असते असेही नाही. तारखा टिपून ठेवा आणि निष्कर्ष नंतर काढा.

याच टप्प्यावर रुलिंग एकतर्फी आहे की द्विपक्षीय, तेही पाहा. एकतर्फी रुलिंग एकाच देशाच्या करखात्याने दिलेले असते आणि दुसऱ्या देशावर त्याचे कोणतेही बंधन नसते. द्विपक्षीय ॲडव्हान्स प्रायसिंग ॲग्रीमेंटमध्ये (भाव ठरवण्याच्या आगाऊ करारात) दोन्ही देशांची खाती वाटाघाटी करून एका सूत्रावर येतात. त्याला वेळ लागतो, पण ते टिकाऊ असते. नवख्यांचा नेहमीचा गैरसमज असा की, 'सरकारने मान्य केले' म्हणजे विषय संपला. कोणत्या सरकारने, एवढे विचारले तरी बराच उलगडा होतो.

३. काम कोण करते, जोखीम कोण घेते

याला कार्यविश्लेषण म्हणतात. कोणती कंपनी कोणती कामे करते, कोणती मालमत्ता वापरते आणि कोणती जोखीम सोसते, याचा तक्ता त्यातून तयार होतो. करारात लिहिलेली जोखीम आणि प्रत्यक्षातली जोखीम वेगळी असू शकते. 'मालाचा खप न झाल्यास तोटा अमुक कंपनीचा', असे करारात असेल, तर त्या कंपनीत खपाचा अंदाज घेणारा, उत्पादन थांबवा म्हणून सांगू शकणारा आणि तोटा पेलण्याइतके भांडवल हाती असलेला कोणी आहे का, ते पाहा. ब्रँड, पेटंट, सॉफ्टवेअर अशा अमूर्त मालमत्तेबाबत तर नफा कमी कराच्या देशांत सरकवण्याविरुद्धच्या ओईसीडीच्या २०१५ च्या 'बेप्स' अहवालांपासून कायदेशीर मालकीपेक्षा विकास, सुधारणा, देखभाल, संरक्षण आणि वापर ही पाच कामे कोण करते, यावर अधिक भर दिला जातो.

येथे कागदापेक्षा माणसांशी बोलणे अधिक कामाचे ठरते. उत्पादनप्रमुखाला 'तुमच्याकडे जोखीम आहे का' असे विचारू नका; त्याला पाठ केलेले उत्तर देण्याची सवय असते. त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षी नवीन मॉडेल बाजारात आणण्याचे कोणी ठरवले, त्या बैठकीला कोण होते, ती कोणत्या शहरात झाली आणि खर्चाच्या मंजुरीवर सही कोणाची आहे? पगारपत्रकही मागा. ज्या कंपनीकडे शेकडो दशलक्षांचा नफा जातो, तिच्या पगारपत्रकावर एकही नाव नसेल, तर त्या कोऱ्या कागदाची प्रत फाइलमध्ये पहिल्या क्रमांकावर लावा.

४. पद्धत आणि टेस्टेड पार्टी

ओईसीडीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच पद्धती आहेत. पहिली थेट किमतींची तुलना करते, दुसरी पुनर्विक्रीच्या भावावरून मागे जाते, तिसरी खर्चावर नफा चढवते, चौथी निव्वळ नफ्याच्या टक्केवारीची तुलना करते आणि पाचवी एकूण नफ्याची वाटणी करते. प्रत्यक्षात सर्वाधिक आढळते ती चौथी, म्हणजे टीएनएमएम (ट्रान्झॅक्शनल नेट मार्जिन मेथड). तिच्यात व्यवहारातली एकच बाजू तपासली जाते. तिला टेस्टेड पार्टी म्हणतात. जिचे काम साधे आणि जिच्यासारख्या स्वतंत्र कंपन्या बाजारात सापडतात, अशी बाजू निवडावी असा नियम आहे.

ही निवड निकाल फिरवते. ॲमेझॉनच्या रचनेत लक्झेंबर्गमधील चालती कंपनी युरोपातील विक्रीचे काम पाहत होती आणि ती लक्झेंबर्गमधल्याच एका भागीदारी संस्थेला रॉयल्टी देत होती. त्या संस्थेला स्वतःचे कर्मचारी किंवा कार्यालय नव्हते आणि तिच्यावर लक्झेंबर्गमध्ये करही लागत नव्हता. रुलिंगने चालती कंपनी टेस्टेड पार्टी धरली; तिला ठरावीक नफा दिला आणि उरलेला रॉयल्टी म्हणून वर पाठवला. आयोगाचे म्हणणे नेमके उलट होते: साधी बाजू ती भागीदारी संस्था आहे, म्हणून तपासणी तिची करा आणि उरलेला नफा चालत्या कंपनीकडे ठेवा. आकडे तेच, करार तेच, केवळ तपासायची बाजू बदलली की करपात्र नफा अनेक पटींनी बदलतो. टेस्टेड पार्टी कोण, याचे कारण अर्जात दोन वाक्यांत गुंडाळलेले असेल, तर तेथे थांबा.

५. टक्केवारी सोडा, ती कशावर लावली ते पाहा

नवखा वाचक दराकडे पाहतो. सहा टक्के वाजवी वाटले की तो पुढे जातो. अनुभवी वाचक आधी पाया पाहतो.

फियाट फायनान्स अँड ट्रेडला लक्झेंबर्गने २०१२ मध्ये दिलेल्या रुलिंगमध्ये जोखमीच्या मोबदल्यासाठी ६.०५ टक्के दर धरला होता. समूहातील कंपन्यांना कर्जपुरवठा करणाऱ्या कंपनीसाठी या दरात खटकण्यासारखे काही दिसत नाही. पण तो लावला होता सुमारे २८.५ दशलक्ष युरोंवर, आणि कंपनीचे स्वतःचे भांडवल होते सुमारे २८७ दशलक्ष. उरलेल्या भांडवलाचा एक भाग उपकंपन्यांतील गुंतवणूक म्हणून वगळला होता, तर दुसऱ्यावर ०.८७ टक्के इतकाच मोबदला धरला होता. अशा रीतीने करपात्र नफा सुमारे २.५४ दशलक्ष युरो, दहा टक्के कमी-अधिक, असा ठरला. आयोगाने आक्षेप घेतला तो प्रामुख्याने भांडवलाच्या या विभागणीवर.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कमाल आणि किमान मर्यादा. ॲमेझॉनच्या रुलिंगमध्ये चालत्या कंपनीचा नफा युरोपातील एकूण कार्यचालन खर्चाच्या ४.६५ टक्के किंवा युरोपातील एकूण कार्यचालन नफा, यांपैकी जो कमी तो धरायचा होता. वाचताना हे सूत्र खर्चाधारित वाटते. परंतु पुढे अशीही अट होती की, हा नफा युरोपातील उलाढालीच्या ०.४५ टक्क्यांहून कमी आणि ०.५५ टक्क्यांहून अधिक नसावा. १,००० दशलक्ष युरोंची विक्री घेऊन गणित करून पाहा: खर्च काहीही असो, नफा साडेचार ते साडेपाच दशलक्षांच्या आतच राहतो. खर्चाचे सूत्र दाखवण्यापुरते उरते आणि निर्णय मर्यादाच करतात. म्हणून रुलिंगमधले प्रत्येक सूत्र स्प्रेडशीटमध्ये मांडा आणि विक्री दुप्पट, खर्च निम्मा, तोट्याचे वर्ष असे आकडे घालून ते कसे वागते ते तपासा. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नका.

६. उरलेला नफा शोधा

आता मुख्य कामाकडे येऊ. एक काल्पनिक समूह घ्या. 'अ' देशातील कंपनी माल बनवते, 'ब' देशातील कंपनी तो विकते आणि 'क' देशातील कंपनीकडे ब्रँड आहे. ग्राहकांना विक्री १,००० युरोंची. 'ब'चा स्वतःचा खर्च १२० आणि रुलिंगनुसार तिला विक्रीच्या ३ टक्के, म्हणजे ३० युरो नफा; त्यामुळे ती माल ८५० ला घेते. 'अ'चा खर्च ५०० आणि त्यावर ८ टक्के, म्हणजे ४० युरो नफा; म्हणून ती माल ५४० ला देते. ८५० आणि ५४० यांतले ३१० युरो 'क'कडे राहतात.

'ब' देशातील रुलिंगमध्ये ३ टक्के योग्य की साडेतीन, यावर तीस पानी अहवाल असेल. अर्ध्या टक्क्याने फरक पडतो ५ युरोंचा. ३१० युरोंवर मात्र त्या अहवालात चकार शब्द नसेल, कारण प्रश्न 'ब'पुरताच विचारला होता. 'क'मध्ये ब्रँडचे निर्णय घेणारी मंडळी खरोखर बसत असतील, तर ही वाटणी समर्थनीय आहे. ती सगळी 'ब' देशात बसून काम करत असतील, तर 'ब' ही साधी वितरक कंपनी आहे हे गृहीतकच कोसळते आणि ३ टक्क्यांचा अहवाल कितीही सुबक असला तरी निरुपयोगी ठरतो.

ॲपलच्या प्रकरणात हे प्रमाण डोळे विस्फारणारे होते. १९९१ च्या रुलिंगमध्ये ॲपल सेल्स इंटरनॅशनलच्या आयरिश शाखेचा नफा, पुनर्विक्रीचा माल वगळून, कार्यचालन खर्चाच्या १२.५ टक्के धरला होता. पुढे २००७ मध्ये नवे रुलिंग आले. आयोगाने दिलेल्या आकड्यांनुसार २०११ मध्ये या कंपनीचा नफा सुमारे १६ अब्ज युरो होता आणि त्यातील सुमारे ५० दशलक्ष युरोच आयर्लंडमध्ये करपात्र मानले गेले. उरलेला नफा ज्या मुख्य कार्यालयाकडे दाखवला होता, त्याला कर्मचारी नव्हते आणि जागाही नव्हती.

तुमच्या फाइलसाठी एक ओळ पुरेशी आहे: समूहाचा एकूण नफा, वजा रुलिंगांनी ठरवून दिलेले नफे, बरोबर उरलेला नफा, तो कोणाकडे, आणि तेथे माणसे किती. ही ओळ भरता आली नाही, तर वाचन पूर्ण झालेले नाही.

७. तुलनेच्या कंपन्या

बेंचमार्किंग अहवालात डेटाबेसमधून निवडलेल्या स्वतंत्र कंपन्यांची यादी असते आणि त्यांच्या नफ्याच्या टक्केवारीतील मधला निम्मा पट्टा ग्राह्य धरला जातो. यादीपेक्षा नाकारलेल्या कंपन्यांचा तक्ता अधिक बोलका असतो. तोट्यातल्या कंपन्या ठेवून जास्त नफ्याच्या 'वेगळ्या स्वरूपाच्या' म्हणून काढल्या आहेत का, आकडे कोणत्या वर्षांचे आहेत आणि त्या कंपन्या खरोखर तोच व्यवसाय करतात का, एवढे पाहा.

८. मुदत आणि गृहीतके

प्रत्येक रुलिंगमागे काही कळीची गृहीतके असतात: व्यवसायाची रचना बदलणार नाही, अमुक कंपनी अमुक काम करत राहील, कायदा तोच राहील. त्यातले एक जरी मोडले, तरी संरक्षण संपुष्टात येऊ शकते, आणि ते संपले असे पत्र कोणी पाठवत नाही. विलीनीकरण, गोदामाचे स्थलांतर, एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याची दुसऱ्या देशात बदली अशा घटना करविभागाला शेवटी कळतात. त्यामुळे गृहीतकांची यादी काढून ती मनुष्यबळ आणि कायदा विभागांना द्या आणि दर वर्षी त्यांच्याकडून लेखी खातरजमा घ्या. मुदत नसलेली किंवा आपोआप वाढणारी रुलिंगे विशेष संशयाने वाचा. ॲपलचे १९९१ चे रुलिंग २००७ पर्यंत वापरात राहिले, आणि या सोळा वर्षांत तो व्यवसाय ओळखू येणार नाही इतका बदलला होता.

९. समोरच्या देशाने काय केले

एका देशाने नफा वाढवला, तर दुसऱ्याने तेवढा कमी करावा, नाहीतर त्याच पैशावर दोनदा कर लागतो. त्यासाठी ओईसीडीच्या आदर्श करारातील कलम ९ चा दुसरा परिच्छेद आणि कलम २५ मधील परस्पर सहमतीची प्रक्रिया आहे. तिच्या अर्जाला मुदत असते, ती कॅलेंडरवर आधी लिहा.

उलटा धोका असा की, एक देश नफा कमी करतो आणि दुसरा तो उचलतच नाही. बेल्जियमच्या 'अतिरिक्त नफा' योजनेत बहुराष्ट्रीय समूहाचा भाग असल्यामुळे मिळालेला नफा करातून वगळला जाई. तो इतरत्र करपात्र झाला का, हे पाहण्याची अट नव्हती. आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये ती योजना बेकायदेशीर ठरवली. मॅक्डोनाल्ड्सच्या लक्झेंबर्ग प्रकरणात मात्र दोन्हीकडे कर न लागूनही, लक्झेंबर्ग आणि अमेरिका यांचे कायदे जुळत नसल्याने तसे घडले, असे म्हणून आयोगाने २०१८ मध्ये सरकारी मदत झाली नसल्याचा निष्कर्ष काढला.

१०. अन्याय्य वाटणे आणि बेकायदेशीर असणे

येथे सर्वाधिक घसरगुंडी होते. युरोपीय संघात रुलिंगवर हल्ला झाला तो संघाच्या स्वतःच्या करारातील कलम १०७ मधील सरकारी मदतीच्या नियमांखाली: एका कंपनीला इतरांना न मिळणारा लाभ दिला का? त्यासाठी 'इतरांना लागू असलेला नियम' आधी सिद्ध करावा लागतो. फियाट प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला, कारण आयोगाने लक्झेंबर्गच्या कायद्यातील नियम न धरता स्वतःच्या आर्म्स लेंग्थ तत्त्वाची कसोटी लावली होती. भांडवलाच्या विभागणीला न्यायालयाने शाबासकी दिली, असा त्याचा अर्थ नव्हे. स्टारबक्सबाबतचा निर्णय सामान्य न्यायालयाने (युरोपीय संघाच्या खालच्या न्यायालयाने) २०१९ मध्ये रद्द केला, आणि ॲमेझॉनबाबत आयोगाचे अपील डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळले गेले. ॲपलच्या बाबतीत मात्र १० सप्टेंबर २०२४ रोजी आयोगाचा १३ अब्ज युरोंच्या वसुलीचा निर्णय कायम झाला. निकाल उद्धृत करताना तो कोणत्या मुद्द्यावर झाला ते लिहा. 'कंपनी जिंकली' किंवा 'आयोग हरला' एवढ्याने काहीच कळत नाही.

११. आता कोणाला काय दिसते

युरोपीय संघातील देश सीमापार रुलिंगांची माहिती २०१७ पासून एकमेकांना आपोआप देतात. तेव्हा एका देशाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला वेगळी सांगता येईल, या भ्रमात राहू नका. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाक्यन् वाक्य ताडून पाहा. मोठ्या समूहांसाठी १५ टक्के किमान कराचे नियम अनेक देशांत २०२४ पासून लागू झाले आहेत. जुन्या रुलिंगमुळे एखाद्या देशात कर कमी लागत असेल, तर फरक तोच देश किंवा दुसरा कोणी वसूल करू शकतो, म्हणून रुलिंगचा खरा फायदा नव्याने मोजा.

राहिला जतनाचा प्रश्न. युरोपीय संघात बेकायदेशीर सरकारी मदतीची वसुली दहा वर्षे मागे जाऊन, व्याजासह होऊ शकते, आणि अनेक ठिकाणी सामान्य करनिर्धारणाची मुदत त्याहून कमी असते. ती मुदत पाहून फाइली नष्ट करण्याचे वेळापत्रक आखलेले असेल, तर रुलिंग, त्याचा अर्ज, बैठकांची टिपणे आणि त्या काळची पगारपत्रके त्यातून वगळण्याची लेखी सूचना अभिलेख विभागाला आजच द्या.